नाटकाची राणी

"खपल्या पडून गेलेल्या पोरीला तुम्ही घाबरलात, सर!" शेवंतानं लेकीसाठी बनवलेला राणीचा पुठ्ठ्याचा मुकुट हेडसरांच्या टेबलावर आपटला.

कांजिण्यांतून उठलेल्या रेवाला त्यांनी संमेलनाच्या नाटकातून काढलं होतं. आता नवी राणी, सेनापती, प्रधान, सगळेच फोड खाजवत घरी बसले होते. उरला होता फक्त लस घेतलेला विदूषक.

"रेवाला पुन्हा झाल्या तर?" सर पुटपुटले.

"सहसा होत नाहीत, डॉक्टरांनीच सांगितलंय. एकदा पाहिलेल्या चोराला अंग दारातूनच पिटाळतं. विदूषकाला तर लशीनं तो आधीच दाखवून ठेवलाय!"

खिडकीबाहेर रेवा प्रधानाच्या मिशा लावून सगळ्यांचे संवाद एकटीच ठोकत होती. सरांना हसू फुटलं.

"हसता काय? संध्याकाळी राणी कोण, ते बोला!"