रडणाऱ्याची चांदणी

अंकित दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत आडवा झाला, तशी सांची बाकावरून टुणकन उठली आणि त्याच्या दोन्ही पायांवर दाबून बसली.

"तिथं काहून बसली?" तिची आई आम्रपाली म्हणाली. "उतर, बेटा. पप्पाची दाढ दुखून राह्यली."

"पप्पा लाथा मारतीन," पाच वर्षांची पोर शांतपणे म्हणाली. "धरा लागते."

मागच्या महिन्यात याच खुर्चीत सांची होती आणि पाय अंकितनं धरले होते. "डॉक्टरबाई फक्त पाहते," असं त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. किडका दात निघाला, तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. तरी डॉक्टरबाईंनी डब्यातली सोनेरी कागदाची चांदणी पुढे केली. इथं बसलेल्या प्रत्येक पोराला ती मिळते. अंकितनं ती मधल्यामधे घेऊन खिशात टाकली. "रडणाऱ्याले नाही भेटत. पुढच्या वेळी शहाण्यासारखी बस." पोरीला वळण लागावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या दिवसापासून सांचीनं चांदणीचं नाव काढलं नव्हतं. आम्रपालीला त्या गप्प राहण्याचीच धास्ती होती.

राजेगावच्या लग्नात मटणाचं हाडूक फोडताना अंकितची दाढ फुटली, ती आज काढायची होती. डॉक्टरबाईंनी हसत एक चांदणी सांचीच्या तळहातावर ठेवली. "आज इनाम तुम दोगी. पापा अच्छे से बैठे, तो उनको देना."

"हौ," सांची म्हणाली. मग अंकितच्या तोंडाकडे पाहत, अगदी त्याच्याच सुरात, "घाबरू नका, पप्पा. डॉक्टरबाई फक्त पाहते."

सुई दिसली आणि अंकितचे पाय उचलले गेले. सांचीनं आणखी भार टाकला. मांजर बिळाकडे पाहते तशी ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती.

दाढ निघाली. गालात कापूस धरून अंकित उठून बसला. सुन्न तोंडानं वाकडा हसला आणि हात पुढे केला. "दे माही चांदणी."

सांचीनं त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यावरून हळूच बोट फिरवलं. ओलं झालेलं बोट त्याच्या समोर धरलं.

"रडणाऱ्याले नाही भेटत."

अंकितनं बायकोकडे पाहिलं. आम्रपाली त्याच्या चपला पुढे सरकवत होती.

"माह्याकडे काय पाहता?" ती म्हणाली. "नियम तुमचाच हाये."

जिन्याच्या तोंडाशी अंकित गाल धरून थांबला. सांचीनं लगेच त्याचं बोट धरलं, एकेक पायरी सांभाळून उतरवलं. दुसऱ्या हाताची मूठ मात्र तिनं घरापर्यंत उघडली नाही.