धाकट्याचा उंट

वकिलानं राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं सरकवलं, घड्याळाची कळ दाबली आणि धाकट्या भावाकडे न बघताच म्हणाला, "हं, चल."

स्पर्धेची शेवटची फेरी. जिंकेल त्याला करंडक. धाकट्याला करंडकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या दातांच्या दवाखान्यात तो ठेवायला जागाही नव्हती. त्याला फक्त दादाला एकदा हरवायचं होतं. केस पांढरे होईपर्यंत ते जमलं नव्हतं. घरी पहिल्यापासून पांढरी मोहरी आणि पहिली चाल दादाची, काळी धाकट्याची. नियम दादानंच केलेला, त्यामुळे अपिलाची सोय नव्हती. आज पंचांनीही काळीच दिली, तेव्हा धाकट्याला उलट हायसं वाटलं.

त्यानं नेहमीचा फ्रेंच बचाव मांडला. त्यात काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो, मोठ्यांच्या बैठकीत गप्प बसवलेल्या पोरासारखा. दादा त्याला 'तुझा उंट' म्हणत आला होता, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

दुपार कलली. पंखे झोपेत असल्यासारखे फिरत होते. सभागृह हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं झालं. पटाची घरं लहानपणच्या खोलीतल्या फरशीत विरघळली. दादा पालथा पडून खेळतोय, आई जेवायला हाका मारतेय, उठत कुणीच नाही. धाकटा वाट बघत होता. त्यात तो तरबेज होता. तोंड समोरच्यानं उघडायचं, मग आपण बघायचं, हाच तर त्याचा धंदा.

हल्ल्याच्या भरात दादानं मधलं काळं प्यादं मारलं आणि उंटाची वाट मोकळी झाली. उंट बाहेर पडला, ते प्यादं वसूल केलं, आणि पुढे तिरका तिरका चालत थेट पांढऱ्या राजाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. कुणी त्याला हटकलंच नाही.

दादानं बराच वेळ पाहिलं. मग हार मानून राजा आडवा केला.

"तुझा उंट," तो म्हणाला. या वेळी आवाज जरा निराळा होता.

मग त्यानं स्वतःच पट फिरवला, सोंगट्या मांडल्या, घोड्यांची तोंडंसुद्धा सरळ केली. "घे. आता पांढरी तुझी."

धाकट्यानं हात पुढे केला. तो प्याद्यावरून घोड्यावर गेला, घोड्यावरून परत प्याद्यावर आला आणि तसाच तरंगत राहिला. मागे खुर्च्या एकीवर एक चढत होत्या. ऊन पटावरून उतरून गेलं.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "आधी तू चाल ना."