रांगेबाहेर

"थांब म्हटलं की थांबत नाही, चल म्हटलं की चालत नाही!" डॉ. फ्रीसन पडद्यासमोर वैतागल्या. "लारिसा, हे यंत्र आहे की माझा नवरा?"

इस्पितळाचे संगणक सांभाळणारी लारिसा हॅवरिलुक हसली नाही. कॅनडातल्या सॅस्काटूनच्या या खोलीत डॉक्टर यंत्राची मूठ फिरवत, आणि पार उत्तरेकडच्या एका दवाखान्यात यांत्रिक दांडा डेल्फीनच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवी. आज तो अडखळत होता. डेल्फीनला नववा महिना. कालपासून बाळ हललं नव्हतं. बर्फाच्या वादळामुळे विमानं बंद.

दांडा चालवणारा संगणक गेल्या आठवड्यात जळाला होता. त्याचा प्रोग्राम लारिसानेच इस्पितळाच्या मोठ्या सर्व्हरवर, एका आभासी संगणकात बसवला होता. त्या एका सर्व्हरच्या पोटात असे कितीतरी आभासी संगणक नांदत. प्रोसेसर सगळ्यांना वाटून मिळे, त्यामुळे दांड्यालाही आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबावं लागे. खोळंबा डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा, पण डॉक्टरांना तो जाणवत होता.

"बाळाच्या हृदयाचा ठोका सापडत नाहीये मला," त्या हलकेच म्हणाल्या. "दिसतो न दिसतो, तोवर निसटतो."

लारिसाने प्रोसेसरचे दोन कोअर, म्हणजे त्याचे दोन स्वतंत्र भाग, बाकी सगळ्यांकडून काढून घेतले आणि एकट्या दांड्याला देऊन टाकले. आता तिथे दुसऱ्या कुणाला पाऊल टाकता येणार नव्हतं.

लगेच फोन खणाणला. नोंदणी कक्षाचा ब्रेट. "अगं, इथे सगळं गोगलगाय झालंय! खिडकीवर लोक माझ्या नावाने ओरडतायत. कुणाला विचारून केलंस हे?"

"कुणालाच नाही. जरा कळ काढ, ब्रेट. इथे एका बाळाला थांबता येत नाहीये."

तिने फोन ठेवला. डॉक्टरांनी मूठ वळवली. तिकडे दांडा वळला, त्याच क्षणी. त्यांनी किंचित दाबलं, तोही किंचितच दबला. त्यांचे आवळलेले खांदे खाली आले. चित्र स्थिर झालं, आणि स्पीकरमधून घाईघाईने धडधड ऐकू आली.

"आहे, आहे! ठोका चांगला खणखणीत आहे. हे बघ, पायही हलवला. झोपाळू पोर आहे गं तुझं!"

पडद्यावर डेल्फीन रडता रडता हसू लागली. प्रोब बरगडीकडे सरकला तशी ती एकदम अंग चोरून शहारली.

डॉक्टर ओशाळून पुढे वाकल्या. "काय झालं गं? माझा हात गार लागला का?"