दुधाळ डोळे
परवा आमच्या गावात संत दोमेनिकोंची मिरवणूक आहे. प्रथेप्रमाणे त्यांच्या मूर्तीवर गावातले साप सोडायचे, आणि आज आमची पाळलेली, बिनविषारी सापीण नीना मला कडकडून चावली. “हीच का तुझी गरीब गाय?” आई भडकली. “मिरवणुकीत पोरंटोरं हात लावतात. आत्ताच्या आत्ता डोंगरावर सोडून ये!” मी नीनाला खिडकीपाशी नेलं. तिचे डोळे दुधाळ झाले होते. “अगं, कात टाकायला आलीय. तिला दिसत नाहीये. मी मागून एकदम उचललं, म्हणून घाबरली. यंदा घरीच राहू दे.” आईनं वर आजोबांच्या खोलीकडे पाहिलं. दुपारी तिनं मागून खांद्याला हात लावताच मोतीबिंदू झालेल्या आजोबांनी सुपाची वाटी भिरकावली होती, आणि तिनं तावातावानं वृद्धाश्रमाला फोन केला होता. तिनं पुन्हा वाटी भरली, पायातल्या मऊ सपाता काढल्या, टाचांचे बूट चढवले आणि लाकडी जिन्यावर टकटक वाजवत आजोबांकडे निघाली.