दिवाणखान्यातली इटालियन

मंडळाचे अध्यक्ष गुडघे टेकून सायकलीच्या पोटाखाली विजेरी मारत होते आणि दंतवैद्य श्वास रोखून शेजारी उभा होता. एरवी समोरच्याला तोंड उघडायला लावणारा हा माणूस आज स्वतःचं तोंड घट्ट मिटून होता. जुन्या पोलादी सायकलींच्या मंडळाचं सभासदत्व त्याला हवं होतं. इतकं हवं होतं, की गेल्या आठवड्यात त्याने दोन पेशंटांच्या भलत्याच दाढा ठोकून पाहिल्या होत्या.

सायकल होतीच तशी. फिकट निळी, पन्नाशी उलटलेली, इटलीतल्या कुठल्याशा गावात एका म्हाताऱ्याने एकहाती जोडलेली. बारीक नळ्या, सांध्यांवर नक्षी, आणि वजन इतकं कमी, की एका हाताने उचलावी. उचलायची मात्र कुणी नाही. दंतवैद्य तिला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. पाहुणे आले की दिवाणखान्यातला खास तिच्यासाठी बसवलेला दिवा लागे आणि प्रवचन सुरू होई. "पोलाद जिवंत असतं. ॲल्युमिनियम मेलेलं असतं. आणि कार्बन? तो तर जन्मालाच आलेला नाही!" पाहुणे माना डोलवत आणि चहाची वाट बघत. कुणी विचारलंच, की चालवता का हो, तर तो असा काही हसे, की विचारणाऱ्याला आपल्या अडाणीपणाची लाज वाटावी. "हे रस्ते तिच्या लायकीचे नाहीत," तो म्हणे.

आता दुसरी यायची होती, लाल. तिच्यासाठी सासूबाईंची खोली लागणार होती. सासूबाईंनी मुलाकडे जाऊन राहावं, तिकडची हवा त्यांना मानवेल, असं तो महिनाभर सुचवत होता. सासूबाई ऐकून घेत. बायको तोंडाने काही बोलत नसे, पण भांडी फार जोरात आपटत असे. एकदा सभासद झालो की सोक्षमोक्ष लावू, असं त्याने ठरवलं होतं. मंडळाचा माणूस म्हटल्यावर घरातसुद्धा शब्दाला वजन येतं.

अध्यक्षांची हयात कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेली होती. त्यांनी चौकटीवरचा नंबर वहीशी ताडून पाहिला, सांध्यांवरून नख फिरवलं. "अस्सल आहे," ते म्हणाले. दंतवैद्याच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. साखळी आवाज न करता पळाली. त्यांनी टायरवर अंगठा घासला. "रोज चालतेय ही. भरपूर चालतेय."

दंतवैद्याच्या तोंडचं पाणी पळालं. "छे, छे! देवाशपथ सांगतो, सात वर्षांत मी एकदाही हिच्यावर बसलेलो नाही. हवं तर लिहून देतो!"

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही," तो छाती पुढे काढून म्हणाला.

अध्यक्षांनी वही मिटली. "न चालवणाऱ्याला आम्ही घेत नाही, डॉक्टर. अर्जाच्या मागे ठळक छापलंय."

दंतवैद्याने अर्ज उलटून पाहिलाच नव्हता. पुढच्या बाजूला सायकलीचं चित्र फार सुंदर होतं.

"पण कुणीतरी चालवतंय," अध्यक्ष म्हणाले. "जरा इकडे उभे राहा." त्यांनी त्याला सायकलीला खेटून उभं केलं. बैठक माणसाच्या कमरेच्या हाडाशी यायला हवी. ती त्या ताडमाड माणसाच्या मांडीशी आली. "तुमच्याहून चांगलं वीतभर ठेंगणं माणूस आहे."

दोघांनी चहा घेऊन आलेल्या बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मला जिना चढताना धाप लागते."

"मी चालवते," सासूबाई आतल्या दारातून म्हणाल्या. "सकाळी तुम्ही उठायच्या आत फिरायला जाते ना, ते हिच्यावरच. पुलापर्यंत जायचं, यायचं. आल्यावर पुसते, तेल घालते. नुसती उभी राहून सडली असती बिचारी."

सासूबाई तीस वर्षं नर्स होत्या. घरोघर बाळंतिणी तपासायला जात. कशावर बसून जात, हे जावयाने कधी विचारलं नव्हतं.

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांनी वही पुन्हा उघडली, खिशातून पेन काढलं आणि फार अदबीने सासूबाईंना पूर्ण नाव विचारलं.

"अहो, पण सायकल माझी आहे!" दंतवैद्य ओरडला. "मनात आणलं तर मी आत्ता चालवून दाखवीन!"

"मग आणा की मनात. फाटकापर्यंत जाऊन या, तुमचंही नाव लिहितो."

सायकल अंगणात आली. अध्यक्षांनी पाना काढून बैठक वर केली. दंतवैद्य म्हणाला, हे बूट चालायचे नाहीत. बायकोने दुसरे आणले. तो म्हणाला, ऊन फार आहे. सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं, ढग होते. तो म्हणाला, पाठ जरा धरली आहे. अध्यक्षांनी सायकल त्याच्यापुढे आणून धरली. शेवटी त्याने सायकलीवरून टांग टाकली आणि मुठी इतक्या आवळल्या, की बोटं पांढरी पडली. पाय काही जमिनीवरून सुटेनात.

तेव्हा सासूबाई पदर खोचून त्याच्यामागे गेल्या. त्यांनी बैठकीला हात घातला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्याला म्हणाल्या,

"समोर बघा, जावईबापू, चाकाकडे नको. मी मागून धरलंय, सोडत नाही."