कच्चा की करपट

शाळेची गाडी धक्के खात भीमराज मिस्त्रीच्या दुकानापुढं थांबली, तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता आणि आत चौदा पोरं भुकेजली होती. गाडी चालवणारी तेजस्विनी बसल्या जागेवरूनच बोलायला लागली.

"मिस्त्री, चढाला गाडी दमच धरत न्हाई. पंप गेला का बघा. आन् पोरं म्हणत्यात, परत वास येतोय."

मोशीपासून चाकणपर्यंत डिझेल गाड्यांचे मिस्त्री पैशाला पासरी. कुणाकडं कॉम्प्युटर, कुणाकडं मोठा बोर्ड. भीमराजकडं नाक होतं. कच्चा वास म्हणजे डिझेल नुसतं गळतंय. करपट म्हणजे तापलेल्या सायलेन्सरवर पडतंय, कधीही पेट घेईल. एवढं तो गाडीला हात न लावता सांगायचा. करोनात ते नाक गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, नाक काही परत आलं नाही. बायको सोडली तर हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्यानं युक्ती काढली. गिऱ्हाइकाला रुबाबात विचारायचं, "कसा येतोय? कच्चा की करपट?" आणि ते सांगेल तेच मान डोलावून परत त्यालाच सांगायचं. लोकांना वाटायचं, मिस्त्री आपली परीक्षा घेतोय. चार वर्षं असंच निभावलं बघा.

सोमवारी मात्र पंचाईत झाली होती. हीच गाडी, हीच तेजस्विनी. तिला सर्दी झालेली, वास पोरांना येत होता आणि पोरं शाळेत होती. "कळत नाही" म्हणायची मिस्त्रीला लाज वाटली. तो डोळे मिटून बॉनेटखाली वाकला आणि म्हणाला, "काही नाही ताई, बिनधास्त जा." आज शुक्रवार होता.

"कसा येतोय? कच्चा की करपट?" त्यानं आजही विचारलं.

"माझं नाक अजून चोंदलेलंच हाय. तुमीच सांगा की."

मिस्त्रीनं पंपाआधी पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू केलं. डिझेलमधून बुडबुडे पळत होते. पंप चांगला होता, अलीकडचा एक सांधा सैल होऊन हवा ओढत होता. त्यानं तो आवळला. बुडबुडे थांबले, इंजिन एका सुरात चालायला लागलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीनं मात्र बॉनेट उघडंच ठेवलं. हवा आत ओढणाऱ्या सांध्यातून डिझेल बाहेर येत नाही. पोरांना वास खरंच येत असेल, तर गळती दुसरीच होती, पंपाच्या पुढं, जिथं डिझेल दाबानं जातं.

पुढच्या सगळ्या सांध्यांवर त्यानं खडूची पूड भुरभुरली. पूड कोरडीच राहिली. पण एक नळी इंजिनामागून, सायलेन्सरला खेटून गेली होती. तिथं हात पोचत नव्हता आणि बॅटरीचा उजेडही. निम्मं इंजिन उतरवल्याशिवाय ती दिसणार नव्हती. तिथलं फक्त नाकाला कळलं असतं.

शेजारच्या शेडमध्ये उद्धवराव लोखंडी कपाटांना रंग मारत होता. मिस्त्रीनं त्याला बोलावलं. "राव, जरा वास घ्या बरं."

उद्धवराव वाकला आणि हसला. "मला बारा महिने थिनरशिवाय दुसरा वास येतो का? आन् तुमी मला विचारताय, मिस्त्री?"

मग मिस्त्री खिडकीशी गेला. "पोरांनो, वास येतोय का रे?"

"येतोय." "नाही येत." "रंगाचा येतोय." मागून दीक्षा म्हणाली, "दिग्विजयच्या डब्याचा येतोय," आणि सगळी गाडी हसत सुटली.

तेजस्विनीचा फोन तिसऱ्यांदा वाजला. कुणाची तरी आई होती. "दुसरी गाडी दोन तास तरी येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी एकदा नीट वास घ्या, मिस्त्री. तुमी म्हणाला तर निघते."

तो वाकला. छाती भरून श्वास घेतला. हवा गरम होती, एवढंच कळलं. "जा" म्हटलं असतं तर पोरं घरी गेली असती आणि नावही राहिलं असतं.

"ताई, मला वास येत नाही. कसलाच. करोनापासून."

उद्धवराव हातात ब्रश घेऊन तसाच उभा राहिला. तेजस्विनीला आधी काही उमगलंच नाही.

"मग सोमवारी?"

"खोटं बोललो."

"पाच दिवस पोरं नेली मी हिच्यातनं," ती हळूच म्हणाली.

"त्यांना खाली उतरवा ताई. दुकानात बसू देत."

"तुमच्या दुकानात? आन् त्यांच्या आयांना काय सांगू?" फोन परत वाजायला लागला. तिनं तो उचललाच नाही. "आता तुमचं कशाला ऐकू मी? सोमवारी ऐकलं तेवढं बास झालं. गाडी चालतीय, ते मला दिसतंय. व्हा बाजूला."

मिस्त्रीनं बॉनेट आपटून बंद केलं आणि गाडीपुढं उभा राहिला. तेजस्विनीनं गिअर टाकला, हॉर्न दिला. पोरांना गंमत वाटली.

"गळती हाय का तिथं?" ती खिडकीतून डोकं काढून ओरडली.

"माहीत नाही."

"मग अडवताय कशापायी?"

"माहीत नाही म्हणूनच."

गाडी वीतभर पुढं सरकली. त्यानं दोन्ही पंजे बॉनेटवर टेकले. बॉनेट तापलं होतं. त्यानं हात काढले नाहीत.