जेवणासोबत संगीत

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा तो कोणाच्या तरी सिंकखाली आडवा होऊन पाइप जोडत होता. त्याने हात धुतले, पाना पिशवीत टाकला आणि घरमालकिणीला म्हणाला, "वायसर बदललाय. आता टपकणार नाही." मग दवाखान्यात गेला. मुलगी परगावी. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घरात तिच्या वस्तू भरपूर निघाल्या. अर्धा विणलेला स्वेटर, दोन चष्मे, घट्ट मोजे. तरुणपणी हॉटेलात ट्रे घेऊन उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या, त्यासाठीचे. फोटो तर डबाभर.

"बाबा, फोटोंनी घर भरलंय," मुलगी म्हणाली, "पण तिचा आवाज कुठेच नाही."

काही महिन्यांनी मास्तरांचा नळ बिघडला. मास्तर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. खुर्चीवरसुद्धा टेपांची खोकी, त्यामुळे आलेल्या माणसाने बसायचं कुठे हा प्रश्नच. तो नळ खोलून बसला होता आणि बाहेर सॅक्सोफोन चालू होता. अचानक तो हातात पाना तसाच घेऊन बाहेर आला.

"हे परत लावता?"

"काय? आवडलं तुम्हाला?"

"जरा मागे घ्या. तो थांबतो ना, तिथून."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. "अहो, उभ्या आयुष्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं!"

मग मास्तरांना थांबवणं अवघड झालं. हा वाजवणारा पुलाजवळच्या हॉटेलात वाजवायचा. दारातल्या फळ्यावर त्याचं नाव कधी आलंच नाही. 'जेवणासोबत संगीत', एवढंच लिहिलेलं. मास्तर तेव्हा कोवळे. टेबलाखाली टेपरेकॉर्डर लपवून एका कॉफीवर अख्खी संध्याकाळ काढायचे. पुढे त्या माणसाने एक तबकडी काढली, ती त्याच्या सासऱ्यानेही विकत घेतली नाही.

"बाकीचे जॅझवाले सुरांची नुसती झोड उठवतात," मास्तर म्हणाले. "हा चार सूर वाजवतो आणि थांबतो. कोणाची तरी वाट बघावी तसा. मग पाचवा असा खालून आणतो की..."

"त्या थांबण्याच्या जागाच मला आवडल्या," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "फक्त लोकांचा कलकलाट फार हो. ग्लास काय, खोकले काय. आणि ही एक बाई, ऐन रंगात आलं की खिदळते. हॉटेलवाल्याने हाकलली कशी नाही, देव जाणे!"

त्याने आत जाऊन नळ जोडला आणि पुढच्या रविवारी आलो तर चालेल का, विचारलं.

रविवारमागून रविवार गेले. एकदा मास्तरांनी मोठ्या मानाने ती तबकडी लावली. त्याने एक बाजू सभ्यपणे ऐकली. मग म्हणाला, "हॉटेलातलं लावा ना."

"अहो, ह्यात आवाज किती स्वच्छ आहे!"

"हॉटेलातलं जिवंत वाटतं."

"नळवाले, हेच मी जन्मभर शाळेत सांगत आलो. एकाच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ!"

भिंतीतली गळती शोधताना तो कान लावायचा, तसाच स्पीकरला कान लावून बसायचा. हळूहळू चाली पाठ झाल्या. वाजवणारा कुठे थांबणार ते आधीच कळायला लागलं. ती जागा जवळ आली की तो श्वास रोखून धरायचा.

संध्याकाळी मुलीचा फोन यायचा.

"आज किती वेळा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा बराच वेळ."

"मला कधी ऐकवताय?"

"कॉपी मागतो. टेपा जुन्या झाल्यात गं. मास्तर म्हणतात, प्रत्येक वेळी वाजवली की थोडी मरते."

कॉपी मागितल्यावर मास्तर गूढ हसले. "मिळेल. पण जरा दम धरा. माझा पुतण्या ह्या कामातला वाघ आहे."

पुढचे काही रविवार त्यांनी दार अर्धवट उघडूनच त्याला परत पाठवलं. "आज नाही. काम चालू आहे." मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. तो गेला तर खोली आवरलेली, एक खुर्ची रिकामी, टेबलावर दोन कप. जमिनीवर खोक्यांमध्ये टेपा होत्या, पण पट्ट्यांवरचा थर गळून तपकिरी भुसा झाला होता.

"त्यांचं काम झालं," मास्तर म्हणाले. "शेवटचं वाजल्या आणि संपल्या. पण आता बघा!"

त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. सॅक्सोफोन सुरू झाला. इतका जवळून की वाजवणाऱ्याचं बोट चावीवर पडलेलं ऐकू यावं. चार सूर झाले. वाजवणारा थांबला.

खोलीत काहीच आवाज नव्हता.

"ऐकलंत?" मास्तर कुजबुजले. "ग्लास नाही, खोकला नाही. ती बाईसुद्धा नाही! सगळ्या टेपा अशाच धुऊन काढल्या. पुतण्या मूळ कच्चं रेकॉर्डिंगही ठेवू म्हणत होता, मीच पुसायला लावलं. कचरा कशाला सांभाळायचा? आता फक्त त्याचं थांबणं. तुम्हाला आवडतं तसं."

पाचवा सूर खालून आला. तो शेवटपर्यंत बसून राहिला.

"छान झालंय," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी केलं हो. ऐकणारा भेटला म्हणून हुरूप आला." मास्तरांनी त्याच्या मुठीत पेन ड्राइव्ह ठेवला आणि दोन्ही हातांनी मूठ मिटली.

घरी येऊन त्याने तो फोटोंच्या डब्याशेजारी ठेवला. फोनवर मुलीचा निरोप येऊन पडला होता.

"बाबा, मिळाली का कॉपी? सगळं मिळून आई किती वेळा हसली हो?"